लहान यंत्रांसाठी लिनक्सची जुळणी

राउटर, मोटारीतील पडदा किंवा कारखान्यातील नियंत्रक अशा एकाच कामाला जुंपलेल्या यंत्रात वसणारी लिनक्स प्रणाली, म्हणजे एम्बेडेड लिनक्स, तयार स्वरूपात जशीच्या तशी क्वचितच वापरली जाते. तिच्यात काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे यंत्र बनवणाऱ्यालाच ठरवावे लागते. यंत्र सुरू करणारा बूटलोडर, हार्डवेअर हाताळणारा कर्नल आणि प्रोग्राम, लायब्ररी व सेटिंग यांची फाइलव्यवस्था यांचा एकत्रित संच म्हणजे ‘इमेज’ होय. ती मूळ सोर्स कोडपासून घडवणारी, आणि हव्या तितक्या वेळा पुन्हा घडवता येईल अशी कृती लिहून ठेवणारी साधने म्हणजे बिल्ड सिस्टिम.

राउटरांच्या जगात २००४ पासून ओपनडब्ल्यूआरटीचा वावर आहे. सर्वसाधारण यंत्रांसाठी मात्र निवड बहुधा बिल्डरूट आणि योक्टो यांत होते. बिल्डरूटमध्ये कर्नलच्या मेनूसारख्याच मेनूत खुणा करायच्या आणि ‘मेक’ म्हणायचे, इतका मामला सोपा असतो. पण निवडीत मोठा बदल केला, की बरेचदा सगळे पहिल्यापासून बांधावे लागते. लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये पुढे आणलेला योक्टो प्रकल्प ओपनएम्बेडेडच्या पायावर उभा असून, त्यात प्रत्येक घटकाची ‘रेसिपी’ असते, रेसिपींचे थर एकमेकांवर रचले जातात आणि बिटबेक हे साधन, आधी झालेले काम साठवून, फक्त बदललेला भाग पुन्हा बांधते. शिकायला तो जड आहे आणि डिस्कवर जागाही भरपूर खातो, तरी एकाच उत्पादनाच्या अनेक आवृत्त्या वर्षानुवर्षे सांभाळायच्या असतील तर हा जडपणा सोसण्याजोगा ठरतो.

गाळण्याच्या या कामात देवनागरीचा बळी फार सहज जातो. पंढरपूरच्या दर्शनबारीत रांगेची स्थिती दाखवणारा एखादा फलक बसवायचा असेल, तर केवळ फॉन्ट भरून भागत नाही. अक्षरे ओळखून त्यांचा क्रम आणि जोड ठरवणारी हार्फबझसारखी लायब्ररी इमेजमध्ये असावी लागते आणि पडद्यावर लिहिणारा प्रोग्राम ती वापरण्याजोगा बांधलेला असावा लागतो. ती नसली, की ‘विठ्ठल’मधली वेलांटी ‘व’च्या नंतर जाऊन बसते, ‘ठ्ठ’ची जोडणी होत नाही आणि ‘वारकऱ्यांसाठी’मधला अर्धा ‘र’ पाय मोडून उघडा पडतो. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

वास्तविक हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने, आयआयटी कानपूरमधल्या संशोधनातून आलेले जिस्ट कार्ड संगणकात बसवून, भारतीय लिप्यांची जुळणी हार्डवेअरकडे सोपवली होती. आज तेच काम मुक्त लायब्ररी करतात. भारतीय लिप्यांसाठीच्या लोहित फॉन्टांच्या देखभालीतही रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला आहे. बिल्ड सिस्टिममध्ये हे घटक उपलब्ध असतात, फक्त ते मुद्दाम निवडावे लागतात. त्यामुळे असा फलक विकत घेणाऱ्या संस्थेने ‘विठ्ठल’ आणि ‘वारकऱ्यांसाठी’ हे दोन शब्द पडद्यावर आधी दाखवून मागावेत, आणि पुरवठादार उद्या नसला तरी दुरुस्ती करता यावी म्हणून इमेज घडवण्याची संपूर्ण कृती करारातच लिहून घ्यावी.