धुकं, ऊस आणि कळंब्यापुढचा रस्ता

डिसेंबर-जानेवारीत पहाटे कोल्हापूरहून गारगोटीकडे निघालं की शहराचे दिवे कळंब्यापर्यंत साथ देतात. कारागृह मागे पडतं, तलावाकडचा गारवा अंगाला लागतो आणि पुढची गाडी तिच्या तांबड्या दिव्यापुरतीच उरते. तो दिवा नसेल तर काहीच उरत नाही. आपल्याकडे हिवाळ्यातला खरा धोका हाच आहे. ज्या महिन्यांत धुकं पडतं, त्याच महिन्यांत कारखाने चालू असतात आणि ऊस रस्त्यावर असतो.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते. तिच्यालगतची दमट हवा थंडावते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. तलावाचा काठ, पाणी पाजलेली उसाची रानं, ओढ्याचा खोलगट भाग इथे ओल जास्त, म्हणून धुकंही तिथेच दाट. त्यामुळे चढावर रस्ता लख्ख दिसतो आणि उतार संपता संपता अचानक पांढरी भिंत समोर येते. उजाडलं म्हणजे धुकं विरलं, असंही नाही. सूर्य वर येताना ते थोडा वेळ आणखी दाटतं, आणि नेमकी तीच दूधवाल्यांची, कामगारांची आणि सकाळी फिरणाऱ्यांची वेळ असते.

हवामान खात्याच्या भाषेत दृश्यमानता 1000 मीटरच्या खाली गेली की धुकं. चालकाने मात्र आपला हिशेब करावा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत 25 मीटर संपतात, आणि पूर्ण थांबायला अंदाजे तेवढेच आणखी लागतात. दवाने ओल्या डांबरावर त्याहून जास्त. समोरचं 30 मीटरच दिसत असेल तर हा वेग म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं. 30 च्या वेगाला 20 मीटरच्या आत थांबता येतं. उत्तरेत यमुना द्रुतगती मार्गावरही हिवाळ्यात छोट्या गाड्यांची वेगमर्यादा 100 वरून 75 वर आणतात.

अप्पर लावून उपयोग नाही; थेंबांवर आपटून तो उजेड आपल्याच डोळ्यांत येतो. डिपर ठेवावा, फॉग लॅम्प असतील तर लावावेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय मात्र सोडायला हवी. मागच्याला गाडी थांबलेली वाटते, आणि तुम्ही कुठे वळणार हे त्याला कळतच नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावावा, तो हवेतली ओल काढून घेतो. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवावी.

एवढं सांभाळूनही समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतोच. मोळ्या आणि वाढे बाहेर लोंबत असतात, त्यांच्याआड मागचा दिवा झाकला जातो. काही जण ट्रॅक्टरचा मागचा पांढरा दिवा चालू ठेवतात. मागून येणाऱ्याला वाटतं, समोरून गाडी येते आहे. त्यात स्पीकर मोठ्याने चालू, मग मागचा हॉर्न ऐकू येणार कसा? बैलगाडीला तर दिवाच नसतो. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर वाटपाचे कार्यक्रम होतात, ते चांगलेच आहेत; पण चिखलाने माखलेली पट्टी महिन्याभरात निकामी होते. माझं स्पष्ट मत आहे, की या पट्ट्यांची तपासणी कारखान्याच्या काट्यावर रोज व्हावी. पट्टी स्वच्छ दिसत नसेल तर ती ट्रॉली काट्यावर घेऊच नये. वजन थांबलं की पट्टी दुसऱ्या दिवशी लागेल.

धुकं फारच दाटलं तर पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात थांबावं, रस्त्याच्या कडेला नाही. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी राहिली तर बऱ्याच मागे माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. चाकाला लागून ठेवलेली फांदी गाडीइतकीच उशिरा दिसते. काम झाल्यावर चाकाखालचे दगड उचलून बाजूला टाकावेत. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दगड धुक्यात दिसत नाही.