तापीकाठ आणि आरमार

यावलला आरमाराविषयी बोलावयाचे, म्हणजे कोरड्या विहिरीत गळ टाकण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपली तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. बऱ्हाणपूरहून सुरतेस जाणारा जुना व्यापारी मार्गही खानदेशातूनच जाई. सतराव्या शतकात धरणगावी इंग्रजांची वखार होती. खानदेशचे कापड सुरतेच्या बंदरात पोचले, की पुढे सत्ता कोणाची? जमिनीवर मोगल बादशहाचा हुकूम चाले. परंतु मक्केकडे जाणाऱ्या त्याच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे.

सागरी सत्तेचे पहिले तत्त्व यातच आहे. समुद्र शेतासारखा कुंपण घालून राखता येत नाही. राखावयाचे असतात ते मार्ग. आपली जहाजे निर्धास्त जावीत व शत्रूची अडावीत, यालाच समुद्रावरील स्वामित्व म्हणतात. अमेरिकन नौदल अधिकारी माहन याने १८९० साली हा विचार ग्रंथरूपाने मांडला.

दुसरे तत्त्व तळाचे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर ठाणे बसविले. इंग्रजांनी आपली मोठी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या रात्री खाडीतून निसटून तेथे रसद पोचवीत. जहाज मोठे असून भागत नाही, ते आपल्या पाण्यास योग्य असावे लागते. कान्होजी आंग्रे यांनी किनाऱ्यावरील किल्ल्यांच्या आधारे हेच सूत्र चालविले. दूरच्या खोल समुद्रात शत्रूला गाठणारा ताफा मात्र आपल्याकडे उभा राहिला नाही.

तिसरे तत्त्व राज्यकर्त्यांच्या दृष्टीचे. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हते, हे खरे. परंतु त्यांना नमविण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले, आणि १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. घरचा तंटा मिटला. पण समुद्राकडचे दार राखणारा पहारा गेला.

आज आपल्या भागातील केळी आखाती देशांत जातात, ती समुद्रमार्गेच. म्हणून आरमारावरचा खर्च कोकणापुरता आहे असे आपण समजू नये. तो मार्ग बंद पडला, तर त्याची झळ आपल्या मळ्यापर्यंत येते.