लहान बोल्टांचा पीळ व त्याची मापे

नांगराचा किंवा बैलगाडीचा बोल्ट आवळताना अंगातील सारा जोर लावला तरी सहसा बिघडत नाही. फवारणी यंत्र, गवत कापण्याचे यंत्र, लहान पेट्रोल इंजिन अथवा अलीकडे शेतावर दिसू लागलेला फवारणीचा ड्रोन ह्यांची गोष्ट वेगळी आहे. ह्या यंत्रांत पोलादी स्क्रू पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या मऊ अंगात बसविलेले असतात. पीळ अधिक झाला की आटे जातात. कमी झाला की यंत्राच्या थरथरीने स्क्रू सैल होतो. दोन्ही प्रकारांत यंत्र ऐन फवारणीच्या दिवसांत उभे राहते आणि कीड काही त्यासाठी थांबत नाही. म्हणूनच यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेत कोणता बोल्ट किती आवळावा ह्याचे आकडे दिलेले असतात. अडचण अशी की, हे आकडे सर्वत्र एकाच मापात नसतात.

पिळण्याच्या ह्या जोराला व्यवहारात टॉर्क म्हणतात; मराठी शास्त्रीय परिभाषेत परिबल असा शब्द आहे. बोल्टाच्या मध्यापासून 1 सेंटिमीटर अंतरावर, पान्याशी काटकोन करून, 1 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला म्हणजे 1 किलोग्रॅम-सेंटिमीटर परिबल होते. तोच जोर 10 सेंटिमीटरवर लावला तर ते 10 होते. म्हणजे जोर गुणिले अंतर, एवढाच हा हिशेब आहे. लांब पान्याने लहान बोल्ट चटकन तुटतो तो ह्याच कारणाने.

आपल्या देशात 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि शेर, मण, पायली ह्यांची जागा हळूहळू किलोग्रॅम व लिटर ह्यांनी घेतली. यंत्रांच्या पुस्तिका मात्र देशोदेशींच्या असतात. जुन्या जपानी पुस्तिकांत किलोग्रॅम-सेंटिमीटर आढळते, अमेरिकन पुस्तिकांत इंच-पौंड व त्याहून लहान कामासाठी इंच-औंस आढळते, आणि नव्या पुस्तिकांत बहुधा न्यूटन-मीटर असते. ही मापे एकमेकांत अशी बदलावीत:

1 न्यूटन-मीटर = 10.2 किलोग्रॅम-सेंटिमीटर = 8.85 इंच-पौंड
1 इंच-पौंड = 1.152 किलोग्रॅम-सेंटिमीटर = 16 इंच-औंस
1 इंच-औंस = 72 ग्रॅम-सेंटिमीटर = 7.06 मिलिन्यूटन-मीटर
1 फूट-पौंड = 12 इंच-पौंड = 1.356 न्यूटन-मीटर

समजा, पुस्तिकेत एका झाकणाच्या बोल्टासाठी 45 इंच-पौंड हा आकडा आहे आणि आपल्याजवळील मोजपट्टीच्या पान्यावर किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या खुणा आहेत. 45 ला 1.152 ने गुणिले असता 51.84 येतात, पाना 52 वर लावावा. न्यूटन-मीटरचा पाना असल्यास 45 ला 8.85 ने भागावे, म्हणजे सुमारे 5.1 येतील. आता कोणी मापाकडे न पाहता 45 हाच आकडा किलोग्रॅम-सेंटिमीटर समजून लावला, तर बोल्ट 13 टक्के कमी आवळला जाईल. हे एक वेळ निभावेल. परंतु इंच-पौंडाऐवजी फूट-पौंड समजले तर पीळ बारापट होईल, आणि पाना त्या खुणेवर पोहोचण्याच्या पुष्कळ आधी बोल्टाचे डोके हातात येईल.

ड्रोनच्या मोटारीचे व पंख्याचे स्क्रू ह्याहूनही बारीक असतात. तेथे 20 इंच-औंस असा आकडा आला तर तो 1,440 ग्रॅम-सेंटिमीटर, म्हणजे 1.44 किलोग्रॅम-सेंटिमीटर झाला; न्यूटन-मीटरमध्ये तो केवळ 0.14 भरतो. अशा ठिकाणी दशांश चिन्ह एक घर सरकले तर चूक दहापट होते, आणि मिलिन्यूटन-मीटरमधील ‘मिली’ वाचावयाचे राहिले तर हजारपट. म्हणून रूपांतर करण्यापूर्वी आकड्यापेक्षा मापाचे नाव दोनदा वाचावे.

मोजपट्टीचा पाना घरी नसेल तर ताणकाट्याने काम भागते. साधा पाना बोल्टास लावून, बोल्टाच्या मध्यापासून 15 सेंटिमीटरवर काट्याचा आकडा अडकवावा. 60 किलोग्रॅम-सेंटिमीटर परिबल हवे असल्यास काट्यावर 4 किलोग्रॅम दिसेपर्यंत सावकाश ओढावे. ओढ पान्याशी काटकोनातच असली पाहिजे. 60 अंशांत ओढल्यास काट्यावर 4 दिसूनही परिबल 13 टक्क्यांनी कमी भरते. अंतर पट्टीने मोजावे, अंदाजाने धरू नये. झटका देऊन ओढल्यास काट्यावरील वाचन निरर्थक ठरते.

मोजपट्टीचा पाना विकत घ्यावयाचा असल्यास मोठ्यात मोठा घेण्याचा मोह टाळावा. आवाज देणारे पाने त्यांच्या कमाल मापाच्या सुमारे 20 टक्क्यांखाली भरवशाचे नसतात. 100 न्यूटन-मीटरच्या पान्याने 5 न्यूटन-मीटरचा बोल्ट आवळणे म्हणजे पोती तोलण्याच्या काट्यावर केशर तोलण्यासारखे आहे. काम झाल्यावर असा पाना त्याच्या सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, म्हणजे आतील स्प्रिंग ताणाखाली राहत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांस चालत नाही. तेलाने घर्षण घटते आणि त्याच परिबलाने बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. पुस्तिकेत तेलाचा उल्लेख नसेल तर आटे स्वच्छ पुसून कोरडे करावेत. अपूर्णांक सोडावयाचा झाल्यास ॲल्युमिनियमच्या अंगात तो खालच्या बाजूस सोडणे इष्ट. आटे गेले तर नवे पाडून घेण्यास तालुक्याच्या गावी जावे लागते.

एकदा केलेले रूपांतर पुन्हा पुन्हा करीत बसू नये. आपल्या पान्यावर जे माप आहे त्याच मापातील आकडे, बोल्टाच्या जागेसह, हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवावेत.