दादीच्या शेवया आणि स्पॅगेटी

नातीचा पहिला पगार रमजानमध्येच झाला. तिने घरात जाहीर केलं, रविवारचा इफ्तार बाहेर, तोही वांद्र्याच्या कार्टर रोडजवळच्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये. अब्बांनी मोहम्मद अली रोडचं नाव काढून पाहिलं. तिने ऐकलं नाही. नळी निहारी, मालपुवा दरवर्षी होतातच. ऑफिसमधले सगळे जिथे जेवायला जातात, तिथे तिला एकदा दादीला न्यायचं होतं.

दादी संगमेश्वरच्या. शास्त्री-सोनवीच्या संगमाकाठी त्यांचं आयुष्य गेलं. मुलगा नोकरीसाठी मुंबईला आला, तरी त्यांचा रमजान बहुधा गावीच व्हायचा. यंदा गुडघ्याच्या इलाजासाठी त्या इकडे होत्या. येताना पिशवीत खजूर, तसबीह आणि गावच्या मशिदीचं सहर-इफ्तारचं वेळापत्रक घेऊन आल्या होत्या.

रेस्टॉरंटमध्ये जाताच पहिली अडचण निघाली. सूर्य मावळणार पावणेसातच्या सुमारास आणि किचन सुरू होणार सातला. वेटरने काही न विचारता पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या. घरून आणलेला खजुराचा डबा उघडला गेला, त्यालाही कुणी हरकत घेतली नाही. दादींनी आपलं वेळापत्रक पाहून खजूर उचलला, तोच नातीने त्यांचा हात धरला. वेळापत्रक संगमेश्वरचं होतं! संगमेश्वर मुंबईच्या पूर्वेला असल्याने मार्चमध्ये तिथे सूर्य दोन-तीन मिनिटं आधी मावळतो. रोजा सोडायचा तो माणूस जिथे आहे तिथल्या सूर्यास्ताला. दिवसभराच्या उपवासानंतर ती तीन मिनिटं फार लांब असतात. दादी खजूर हातात धरून खिडकीबाहेरच्या समुद्राकडे पाहत बसल्या.

मग मेनू आला, आणि नात गप्प झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चिकन हलाल आहे का एवढं विचारलं की झालं. इटालियन स्वयंपाकात गोष्ट तिथे संपत नाही. रिसोटो नावाच्या भाताला पुष्कळदा पांढऱ्या वाइनचा हात असतो, आणि शिजवल्यावर दारू पूर्णपणे उडून जाते ही समजूत खरी नाही. तिरामिसूत अनेक ठिकाणी मद्य घालतात. पन्ना कोटा घट्ट होतो जिलेटिनने. ते जनावरांच्या, कधी डुकराच्या, कातडी-हाडांपासून बनतं. इटलीतलं अस्सल पार्मेजान चीज तर वासराच्या पोटातल्या रेनेटनेच विरजावं लागतं, तसा तिथला नियमच आहे. थोडक्यात, भाजीचं दिसणारं ताटही विचारूनच घ्यावं लागतं.

नातीला हे सगळं ठाऊक होतं. पण ऑफिसच्या मंडळींबरोबर इथे आली की ती मुकाट्याने साधा मार्गेरिटा पिझ्झा मागवायची, गोड आलं की पोट भरलं म्हणायची. विचारलं तर सगळे आपल्याकडे बघतील, ही भीती. आज दादी समोर होत्या आणि तरीही तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

सुटका केली तिच्या मैत्रिणीने. ती ऑफिसमधलीच, जैन घरातली, अगत्याने बोलावलेली. (एकीच्या घरी सूर्य मावळल्यावर वडीलधाऱ्यांचं जेवण बंद होतं, दुसरीच्या घरी सुरू होतं, दोघी यावरून नेहमी हसतात.) तिने मेनू मिटला आणि वेटरला सरळ विचारलं, “चीजमध्ये रेनेट कुठलं? सूपचा स्टॉक भाजीचा की हाडांचा? जिलेटिन कशात कशात आहे?” तिच्या घरी हे प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारले जातात, त्यात लाजण्यासारखं काही आहे हे तिला माहीतच नव्हतं. मग नातीनेही चिकनचं आणि वाइनचं विचारून घेतलं. वेटर आत गेला, चीजचं पाकीटच घेऊन आला. त्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. रिसोटो, तिरामिसू, पन्ना कोटा बाद झाले. चिकन हलाल निघालं.

दादींसाठी मागवली आल्यो-ओल्यो स्पॅगेटी. लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची, बस्स. काट्याला न जुमानणारी ती दोरी दादींनी सरळ बोटांनी उचलली, चावून पाहिली आणि म्हणाल्या, “ह्या तं आपल्याच शेवया.”

सगळे हसले, दादी मात्र फार चुकल्या नव्हत्या. अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी 1154 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचं वर्णन आहे. तिथे ‘इत्रिया’ नावाच्या गव्हाच्या शेवया ढिगाने बनत आणि जहाजं भरभरून मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलखांत जात. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही गोष्ट रंगतदार खरी, पण तो परतला 1295 मध्ये.

दादींना या इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. तांदळाची उकड काढून साच्यातून पाडलेल्या शेवया नारळाच्या रसात कशा सोडतात, हे त्या नातीच्या मैत्रिणीला सांगत होत्या. रसात गूळ, वेलची. अंडं नाही, जिलेटिन नाही. जिलेटिन हा शब्द त्यांनी अर्ध्या तासापूर्वीच शिकला होता. मैत्रिणीने ईदला येण्याचं कबूल केलं.

तरावीहची वेळ होत आली म्हणून उठावं लागलं. बिल नातीने दिलं. अब्बांनी पाकीट काढलं, ते तिने परत खिशात घालायला लावलं. उरलेली स्पॅगेटी दादींनी पार्सल करून घेतली. पहाटे सहरला पाण्याचा हबका मारून ती गरम केली, वर थोडी सुक्या जवळ्याची चटणी घेतली आणि नातीला उठवायला गेल्या.