जुनी बुलेट किकला दाद देत नाही तेव्हा

आधी प्लग काढून पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीचा कॉक आणि कार्बोरेटरचा जेट तपासा. ओला असेल तर संशय ठिणगीवर. प्लग पुसून, कॅपमध्ये बसवून, भोकापासून दूर इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी, कडक हवी. मरतुकडी पिवळी दिसली तर बहुधा पॉइंट काजळलेत. घासून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा.

सगळं ठीक असूनही गाडी रुसते, तेव्हा दोष बहुधा आपल्या लाथेचा. चावी फिरवून किक हळूहळू दाबा. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मगच पूर्ण लाथ मारा. चपला घालून मात्र नको. उलटी किक घोटा सुजवते.