थांबण्यासाठीच बांधलेले रस्ते
अमेरिकेतील निसर्गरम्य मार्गांवर ज्येष्ठांसह प्रवास करताना

मुलामुलींच्या आग्रहाखातर आपल्याकडील अनेक ज्येष्ठ मंडळी काही महिन्यांसाठी अमेरिकेला जातात. सुट्ट्या जोडून आल्या, की मोटारीने लांबचा प्रवास ठरतो. रजा मोजकी आणि पाहण्याची ठिकाणे पुष्कळ, त्यामुळे दिवसाला पाचशे मैलांचे बेत आखले जातात. अशा वेळी मागच्या आसनावर बसलेले आईवडील फारसे बोलत नाहीत. ‘आपल्यामुळे गाडी थांबवायला नको’, या विचाराने ते पाणी कमी पितात, लघवीची भावना दाबून धरतात आणि आखडलेल्या गुडघ्यांविषयी चकार शब्द काढत नाहीत. वाचकहो, प्रवासातील मोठा धोका या संकोचातच दडलेला असतो.

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाणी कमी झाले, की उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसल्यास पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर विशेष जपावे. यावरचा उपाय साधा आहे: दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी, पाच-दहा मिनिटे चालावे, पाण्याचे घोट घ्यावेत. बसल्या जागीही घोटे फिरवावेत, टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत.

आनंदाची गोष्ट ही, की अमेरिकेतील काही सुंदर रस्ते मुळात थांबत थांबत जाण्यासाठीच बांधलेले आहेत.

व्हर्जिनिया राज्यातील शेनानडोह राष्ट्रीय उद्यानातून जाणारा ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ १०५ मैलांचा, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटरचा आहे. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. वाटेत दरी न्याहाळण्यासाठी सुमारे सत्तर जागा आहेत. महाबळेश्वरला आपण ज्यांना ‘पॉइंट’ म्हणतो, तशाच. बहुतेक ठिकाणी गाडीतून उतरले, की समोर दरी दिसते. चढउतार करावा लागत नाही. चाकांच्या खुर्चीवरून फिरता येईल अशी ‘लिंबरलॉस्ट’ नावाची पायवाटही येथे आहे.

हा रस्ता संपतो तेथेच ‘ब्लू रिज पार्कवे’ सुरू होतो. १९३५ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १९८७ साली पूर्ण झाले. लांबी ४६९ मैल, वेगमर्यादा बहुतांशी ताशी ४५ मैल; अवजड मालवाहू गाड्यांना मज्जाव असल्यामुळे प्रवास शांत होतो. ऑक्टोबरमध्ये येथील झाडी लाल-केशरी रंगांनी पेटून उठते. मात्र या मार्गावर पेट्रोल मिळत नाही आणि स्वच्छतागृहे दूर दूर आहेत, हे ध्यानात ठेवून थांबे आधीच ठरवावेत. सप्टेंबर २०२४ मधील ‘हेलीन’ चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलिनातील भागाची मोठी हानी केली. म्हणून कोणता टप्पा खुला आहे, याची चौकशी करूनच निघावे.

पश्चिमेला कॅलिफोर्नियातील ‘हायवे वन’चा बिग सर भाग समुद्राच्या कडेने जातो. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्यामुळे या दिशेने जाताना समुद्र ज्येष्ठ प्रवाशाच्या उजव्या खिडकीशी राहतो आणि थांब्यावर वळताना समोरून येणारी वाहने ओलांडावी लागत नाहीत. रस्ता वळणांचा असल्याने मळमळ होणाऱ्यांनी पुढे बसावे, नजर दूरवर ठेवावी, पोटभर जेवून निघू नये. दरडी कोसळून हा मार्ग अनेकदा बंद होतो, याचीही नोंद घ्यावी.

कोलोरॅडोतील ‘ट्रेल रिज रोड’ मात्र पूर्ण विचारान्तीच निवडावा. त्याची कमाल उंची ३,७१३ मीटर आहे. कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक! तेथे हवा विरळ असते. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अन्य ज्येष्ठांनीही एक-दोन रात्री कमी उंचीवर काढून मगच वर जावे. डोकेदुखी, मळमळ किंवा दम लागल्यास फोटोचा मोह सोडून ताबडतोब खाली उतरावे.

निघण्यापूर्वी काही तयारी अवश्य करावी. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताशी ठेवावीत. इन्सुलिन उभ्या, तापलेल्या गाडीत ठेवू नये. लघवीच्या गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारावे. ती स्वतःहून बंद करू नये. प्रवासी विम्यात जुन्या आजारांचा खर्च कितपत मिळतो, ते वाचून पाहावे. डोंगरात मोबाइल चालेलच असे नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. एकाच पायावर सूज आली, पोटरी दुखू लागली, एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्यावी. तेथील आपत्कालीन क्रमांक ९११ आहे.

मुलांनी ‘थांबायचे का?’ असे विचारू नये. उत्तर बहुधा ‘नको’ असेच येते. ‘आता पंधरा मिनिटे थांबतो आहोत’ असे सांगून गाडी उभी करावी. आणि ज्येष्ठांनो, आपणही निःसंकोच सांगावे. या रस्त्यांवर थांबल्याने प्रवास खोळंबत नाही. दरी, समुद्र आणि रंगलेली झाडे थांबल्यावरच तर दिसतात.