टेबलावरील तेलाचे चट्टे कसे घालवाल?

हौसेने घेतलेल्या सागवानी डायनिंग टेबलाला घरच्या घरी जवसाचे तेल दिले जाते. मात्र काही दिवसांतच त्यावर कुठे चकाकणारे चट्टे, तर कुठे निस्तेज पट्टे दिसू लागतात आणि वर ठेवलेले वर्तमानपत्र चिकटते. अशा वेळी आणखी तेल चोळण्याचा मोह होतो. वास्तविक, हा दोष बहुतेक वेळा जास्त तेलाचाच असतो.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होते. लाकडात मुरलेले तेल कडक होते, पृष्ठभागावर साचलेला थर मात्र चिकट राहतो. पावसाळ्यात ही क्रिया अधिकच मंदावते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल तर असे वाळतच नाही. म्हणून ते या कामासाठी वापरू नये.

चिकटपणा घालवण्यासाठी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने टेबल लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास शेगडी पेटती नसावी. टेबल कोरडे झाल्यावर २२० आणि नंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे. केवळ चट्टा घासल्यास तेथे वेगळीच छटा उमटते; त्यामुळे संपूर्ण पृष्ठभाग घासणे आवश्यक आहे. धूळ पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. कोरड्या पडणाऱ्या जागी पुन्हा थोडे तेल लावावे आणि १५ ते २० मिनिटांनी न मुरलेले सर्व तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा.

व्हार्निश किंवा पीयूचा थर असलेल्या टेबलाला ही पद्धत लागू पडत नाही. व्हिनिअरचा पातळ थर घासताना निघण्याची भीती असल्याने ते काम पॉलिशवाल्याकडेच सोपवावे.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी तेलकट फडक्यांबाबत घ्यावी लागते. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. फडक्यांचा बोळा करून ठेवल्यास ती आतच कोंडते आणि ठिणगीविना आग लागू शकते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे फेब्रुवारी १९९१ मध्ये 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीला अशाच फडक्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. म्हणूनच वापरलेली फडकी उघड्यावर, एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. कचऱ्याच्या डब्यात तशीच टाकू नयेत.